न उडालेल्या विमानाचे पैसे

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, कारण पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती आणि पोरीच्या जातीनं ओढा ओलांडायचा नाही असं आमच्या आजोबांचं मत होतं. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. हळद, मोहरी, बडीशेप. तेव्हा हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर आधीच हात जोडते. चुका दिसतील तिथं कानाडोळा करावा, आणि एखादा शब्द लागलाच नाही तर शेजारच्या शब्दावरून अंदाज बांधावा.

खरं तर हे मी कुणासाठी लिहीत नाही. पण गल्लीत ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी निराळी झाली आहे. कुणी म्हणतं मी विमानात चक्कर येऊन पडले, कुणी म्हणतं आमच्या मालकांनी विमानाचं इंजिन उघडून बघितलं. खरं काय ते मी सांगायला गेले की आवाज घशातच राहतो, आणि तोवर दुसरंच कुणीतरी शेवट सांगून मोकळं होतं. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागदावर.

आमच्या दोन घरांत मिळून एक अंगण आहे. अलीकडं आम्ही, पलीकडं थोरले दीर आणि जाऊ. जावेला मी आक्का म्हणते. आक्कांच्या चार म्हशी आहेत आणि अर्ध्या गल्लीला त्यांचं दूध जातं. मनानं वाईट नाहीत. फक्त कुणाला काही दिलं की ते चारचौघांत देतात आणि दिल्यावर ते वर्षानुवर्षं चारचौघांतच राहतं. त्यांनी एकदा एका शेजारणीचं दुधाचं बिल सोडलं होतं. ती शेजारीण घर बदलून पेठ वडगावला गेली, पण ते बिल अजून आमच्याच गल्लीत राहतं. हळदीकुंकू त्याच्यावाचून पुरं होत नाही.

माझे मालक ऑइल इंजिनं दुरुस्त करतात. शेतातल्या पंपाची इंजिनं. नुसता आवाज ऐकून ते रोग सांगतात. निम्म्या वेळा तो बरोबर निघतो. राहिलेल्या निम्म्या वेळा ते धरत नाहीत.

आमची लेक हैदराबादला दिली आहे. तिला सातवा लागला, ओटी भरायची तिच्या सासरी ठरली, आणि आईनं हिरवी साडी घेऊन जायला पाहिजे हे कुणी सांगायला नको. पण मला गाडी लागते. शिरोळपर्यंत जायचं तरी लिंबू नाकाला लावून बसावं लागतं, हैदराबाद म्हणजे तर लिंबाची पाटीच घ्यावी लागली असती. लेक म्हणाली, "आई, आता आपल्याकडनं विमान आहे. तासाभरात येशील. तिकीट मी काढते." मालकांनी तिथंच फोन हातातून घेतला. "लेकीच्या पैशानं लेकीच्या दारात जायचं? आम्ही ओटी भराय येणार का भरून घ्याय?" त्यांचे स्वतःचे पैसे नव्या लेथ मशीनमध्ये अडकले होते. म्हणजे विमान राहिलं.

हे बोलणं आक्कांनी ऐकलं. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत आहे आणि तीही आक्कांच्या बाजूची.

संध्याकाळी दुधाच्या वेळेला बायका किटल्या घेऊन अंगणात उभ्या असताना त्यांनी मला हाक मारली.

"धाकटे, किती लागत्यात गं विमानाला?"

"राहू दे आक्का. बसनं जातो आम्ही."

"बसनं जाऊन येहीणबाईच्या दारात वकणार काय? घे." त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि नोटा माझ्या हातात कोंबल्या. मला वाटलं संपलं. कसलं संपतंय. "पर एक सांगतो, सगळ्यांदेखत सांगतो. तू कंडक्टरकडं सुट्टं मागाय लाजतीस. तू कसली विमानात बसतीस? दारातनंच माघारी येशील बघ. बसलीस आन् उडलीस, तर माझं पैसं सावकाश दे. न्हाय उडलीस तर मला दमडी नको. आपला शब्द हाय!"

बायका हसल्या. माझे कान तापले. पण त्याच वेळी मी मनात धरलं, उडायचं आणि पै न् पै फेडायची. पेठ वडगावच्या त्या बाईसारखं मला गल्लीत राहायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी आक्का दिरांच्या स्कूटरवर मागं बसून आमच्या रिक्षाबरोबर विमानतळापर्यंत आल्या. आत सोडत नाहीत म्हटल्यावर कुंपणाच्या बाहेर रस्त्याला उभारल्या. "मी हितंच हाय. तुला वर जाताना बघितल्याबिगर हलत न्हाय," म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या की पैशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं दोन्ही असेल.

तपासणीला ओटीचा नारळ अडला. नारळ हातातल्या पिशवीत चालत नाही म्हणे. मालक तिथल्या शिपाईबाईंना म्हणाले, "ओटीचा हाय. टाकू नका, तुम्हीच घरी न्या." त्या बाई लाजल्या. मागून कुणीतरी विचारलं, "कितवा म्हैना, म्याडम?" तेवढ्या वेळात आम्ही पुढं सरकलो.

विमान लहान होतं. दोन्ही अंगाला एकेक इंजिन आणि त्याच्या तोंडाशी मोठा पंखा. मालकांना तेवढंच पुरलं. "पंखा म्हंजे आपल्यातलाच प्रकार की," ते म्हणाले आणि घरच्यासारखे पाय पसरून बसले. मी खिडकीशी. पट्टा कसा लावायचा ते लेकीनं फोनवर तीनतीनदा सांगितलं होतं. मी तो इतका आवळला की श्वास वरच्या वर घ्यावा लागला.

पंखे फिरायला लागले. मालकांनी डोळे मिटून मान कलती केली, गिऱ्हाइकाचं इंजिन ऐकताना करतात तशी.

"डावं जरा जड चालतंय."

"गप बसा की," मी म्हणाले. पुढच्या ओळीतले टोपीवाले आजोबा वळून बघत होते.

मग विमान पळायला लागलं. माणसाला एवढ्या जोरात पळवतात हे मला माहीत नव्हतं. पाठ खुर्चीला चिकटली. मी डोळे गच्च मिटले आणि अंबाबाईचं नाव घेतलं. अंगाखाली सगळं थडथडत होतं. आता उडणार, आता उडलंच, असं वाटत होतं तोच डावीकडून काहीतरी धाडदिशी वाजलं आणि सगळं विमान पुढच्या पुढं ओढल्यासारखं झालं. पट्टा पोटात रुतला. कपाळ समोरच्या खुर्चीला लागलं. कुणाचा तरी लाडवाचा डबा सुटून मधल्या वाटेनं खडखडत पार पुढं गेला. आणि आम्ही थांबलो.

एवढी कोल्हापूरची माणसं एका जागी बसून गप आहेत असं मी जन्मात तेवढ्या एकदाच बघितलं.

मग पायलटसाहेबांचा आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. एका इंजिनात बिघाड दिसला, म्हणून विमान न उडवता थांबवलं, सगळं ठीक आहे, जागेवर बसून राहा.

साहेबांचं बोलणं संपतंय न संपतंय तोवर मागून आवाज आला, "धक्का माराय उतरू काय?"

झालं. सगळ्यांची तोंडं सुटली. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की आमच्याकडं जाणारायेणारा प्रत्येकजण थांबतो आणि सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. इथं तर कुणाला पुढं जायचंच नव्हतं. कुणी म्हणालं डिझेल बघा. कुणी म्हणालं आमच्या ट्रॅक्टरचं थंडीत असंच होतं. ते टोपीवाले आजोबा पुरते मागं वळले.

"पावणं, मघाशी डावं जड चालतंय म्हणालासा न्हवं तुम्ही? मेकॅनिक हाय काय?"

मालक याचीच वाट बघत होते. "हवा धरलीया," ते म्हणाले. "पाइपात हवा शिरली की इंजिन दम टाकतंय. नट ढिला करायचा, हातानं पंप मारायचा, हवा भाईर. काम खल्लास."

"मग सांगा की त्यास्नी!"

मालकांनी डोक्यावरचं बटण दाबलं. विमानातली ती मुलगी लगबगीनं आली. लहानच होती, आमच्या लेकीएवढी.

"सर, प्लीज बसून राहा. आमचे इंजिनिअर येताहेत."

"येऊ देत की. तवर मी बघतो. एक पाना द्या फक्त."

"सर, पाना नाहीये आमच्याकडे."

"येवढं मोठं विमान, आन् पाना न्हाय?"

ही बातमी ओळीओळीनं मागं गेली. पाना न्हाय म्हणं. पाना सुदिक ठेवत न्हाईत. इंजिन बिघडलं याला माणसं एवढी घाबरली नव्हती, पण पाना नाही म्हटल्यावर दोघातिघांनी देवाचं नाव घेतलं.

माझ्या डोक्यात मात्र इंजिन नव्हतं, हवाही नव्हती. माझ्या डोक्यात कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या आक्का होत्या. मी डोळे मिटले होते. उडलं का नाही हे मला ठाऊक नव्हतं. थडथड मध्येच थांबल्यासारखी वाटली होती, म्हणजे कदाचित थोडं उडलंही असेल. थोडं उडलं असलं तरी मला पुरे होतं.

अनोळखी माणसाशी आपण होऊन मी कधी बोलले नव्हते. डॉक्टरांनासुद्धा काय दुखतंय ते मालक सांगतात. पण त्या दिवशी मी हात वर केला, शाळेत करायचे तसा.

"काय झालं काकू? भीती वाटतेय का?"

"बाई..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. ती वाकली. "आपण उडलो होतो काय?"

"नाही काकू, अजिबात नाही. घाबरू नका. आपण जमिनीवरच होतो."

"जरासुद्धा न्हाय?"

"जरासुद्धा नाही."

"पुढचं चाक तरी?"

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी आणून दिलं आणि मालकांना हळूच सांगितलं, "काकूंना धक्का बसलाय, त्यांच्याशी बोलत राहा." मालक त्या वेळी तिघांना हवा कशी काढायची ते समजावत होते.

विमान हळूहळू परत नेलं आणि आम्हाला उतरवलं. दाराशी पायलटसाहेब स्वतः उभे होते, सगळ्यांना नमस्कार करत. माणसं त्यांना चांगलं केलंत, वाचवलंत असं म्हणत होती. माझी पाळी आली. माझ्यामागं रांग होती, तरी मी थांबले आणि असेल नसेल ते सगळं हिंदी गोळा केलं.

"साहेब, चाक थोडा तो उचल्या था क्या?"

"बिलकुल नहीं, माताजी," ते छाती पुढं काढून म्हणाले. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. असायलाच पाहिजे, म्हणा. पण माझा चेहरा बघून त्यांचा जरा पडला.

बाहेर आलो तर आक्का दारात. विमान पळालं आणि मध्येच थांबलं हे त्यांनी कुंपणातून बघितलं होतं, आणि दिरांना म्हणे सारखं विचारत होत्या की आग दिसतीया का. मला बघितल्यावर त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"धाकटे! जित्ती हायस न्हवं गं?" आणि रडल्या. खऱ्या रडल्या, मीही रडले. मग पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "चाकं भुईलाच हुती. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. जा, पैसं सोडलं तुला."

त्या दिवशी काही विमान गेलं नाही. कुठला तरी सुटा भाग बाहेरून मागवायचा होता. "भाग कशाला? हवा हाय ती," असं मालक आजही म्हणतात. कंपनीची माणसं म्हणाली, दुसऱ्या तारखेचं तिकीट घ्या नाहीतर सगळे पैसे परत घ्या. ओटी परवावर आलेली, दुसरी तारीख घेऊन करायचं काय? पैसे परत घ्यायचं ठरवून आम्ही बस धरली. वाटेत माझं जे झालं ते लिहीत नाही. वेळेवर पोचलो, ओटी भरली, आणि फोटोत साडीपेक्षा मीच हिरवी आले आहे एवढं सांगितलं तरी पुरे.

तिकीट काढून देणाऱ्या दुकानदारानं थोड्या दिवसांनी सगळे पैसे आणून दिले. मी ते तसेच आक्कांकडं नेले. त्या म्हशीला पेंड घालत होत्या.

"कसलं पैसं?"

"विमानाचं, आक्का. कंपनीनं माघारी दिलं."

"कंपनीचं कंपनीपाशी. माझा शब्द काय हुता? उडलीस तर दे. उडलीस काय?"

"न्हाय, पण..."

"मग नेऊन ठेव. मला शब्द मोडायला लावतीस व्हय, देवासारख्या म्हशीम्होरं?"

दुसऱ्या दिवसापासून दुधाबरोबर ही गोष्टही घरोघर जायला लागली. "आमच्या धाकटीला म्या विमानाचं पैसं सोडलं. इचारा तिला." आणि बायका मला खरंच विचारायच्या. मी मान हलवायची.

मी काय काय करून बघितलं! दिरांच्या हातात दिले, ते म्हणाले बायकांच्या भानगडीत मी पडत नाही, आणि पडले नाहीत. गौरीच्या वेळी त्यांच्या गौरीपुढं ताटात ठेवले. आक्कांनी तेच ताट वर एक खण ठेवून मला परत पाठवलं, म्हणजे आता पैसेही माझ्याकडं आणि खणही अंगावर. एकदा मी धीर करून म्हणाले, "आक्का, विमान पळालं तरी लई हुतं की."

"म्हैस बी पळती," आक्का म्हणाल्या.

लेक बाळंतपणाला आमच्याकडं आली, मुलगी झाली. पोचवायची वेळ आली तेव्हा जावयांनी लेकीचं आणि बाळाचं विमानाचं तिकीट काढलं. बरोबर कोण जाणार यावर बोलणं चाललं असताना मालक इंजिन साफ करता करता म्हणाले, "ते पैसं पडूनच हायत न्हवं? पैसं त्यांचं, अट त्यांची. त्याच पैशानं बस आन् उड. मग कशी घेत न्हाईत बघू."

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांनी रोग बरोबर ओळखला असं मला मनापासून वाटलं ते त्या दिवशी.

त्याच पैशात आम्हा दोघांची तिकिटं आली. आक्का पुन्हा कुंपणाशी. या वेळी त्यांनी किटलीवाल्या दोघींनाही साक्षीला आणलं होतं. मी खिडकीशी बसले ती चाक दिसेल अशा जागेवर. ती जागा मी स्वतः मागून घेतली. लेक माझ्याकडं बघतच राहिली. विमान पळायला लागल्यावर मालकांनी डोळे मिटून कान लावले, नातीनं भोकाड पसरलं, आणि मी त्या चाकावरून नजर काढली नाही. चाक गरगरत होतं, गरगरत होतं, आणि मग त्याच्या खाली नुसता उजेड दिसला. बोटभर, मग हातभर. "उडलं!" मी ओरडले. सगळं विमान माझ्याकडं वळलं. मला लाज वाटायला पाहिजे होती, ती जरा उशिरानं वाटली.

हैदराबादला उतरल्याबरोबर फोन वाजला.

"उडलीस गं बाई, उडलीस," आक्का म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली आणला. एवढ्या हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "वरनं आपला गोठा दिसला काय?"

मी खरं सांगितलं, दिसला नाही, सगळी शेतंच दिसत होती. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, एक पत्रा चमकत होता, तो असेल.

"त्योच," आक्का म्हणाल्या. "नवीनच घातलाय."

आता मी देणेकरीण झाले आणि मला हलकं वाटलं. उन्हाळ्यात मी कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेतल्या. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, भाजायचं, डंकावर जाऊन कुटून आणायची. घर महिनाभर शिंकत होतं. पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकांशी स्वतः बोलले, भाव कमी करणार नाही असंही एकीला सांगितलं. पैसे आले की थोडे थोडे आक्कांना नेऊन द्यायची. आक्का आता तोंडभर हसून घ्यायच्या आणि आलेल्या बायकांना सांगायच्या, "विमानाचं हाय. आमची धाकटी उडली न्हवं का!"

शेवटचे पैसे मी दिवाळीच्या आधी घेऊन गेले. आक्कांनी अंगठ्याला थुंकी लावून ते मोजले, उलटे करून पुन्हा मोजले, आणि एक नोट बाजूला काढून उजेडात धरली.

"ही फाटकी हाय. चिकटपट्टी मारलीया. ही न्हाय चालायची."

मी घरात जाऊन मालकांच्या खिशातली कोरी नोट आणली. ती त्यांनी घेतली, बाकीच्यांत सारखी करून बसवली आणि बटव्याची दोरी ओढली. पैसे फिटले.